भट्टीची आच आणि उन्हाळी भाज्या

औषधाच्या पुड्यांबरोबर पथ्यापथ्याचा छापील कागद रुग्णाच्या हाती देण्याची पद्धत आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयांत आहे. आमच्याकडेही ती आहे. कागदाच्या डाव्या बाजूस 'पथ्य' आणि उजव्या बाजूस 'वर्ज्य' अशा दोन याद्या असतात आणि उजवीकडची यादी नेहमीच अधिक लांब असते. आमच्या त्या यादीत सातव्या क्रमांकावर 'बेकरीचे व ओव्हनमधील सर्व पदार्थ' अशी एक ओळ बारा वर्षे छापली जात होती. ती आम्ही कोणत्या आधारे लिहिली, हे आज सांगता येणार नाही. पाव, खारी, बिस्किटे, केक यांस आवर बसावा, एवढाच हेतू असावा. परंतु त्या ओळीतील 'सर्व' या शब्दाने एका घरात जे घडले, ते व्यवसायबंधूंपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

हे घर एका सेवानिवृत्त शिक्षकांचे. वय ६८, जुना प्रमेह आणि जोडीला चिवट मलावष्टंभ. गुरुजींना भाज्यांचा मनस्वी तिटकारा. दुधी, दोडका, पडवळ ही नावे उच्चारली तरी 'ते आजाऱ्याचे अन्न' म्हणून ताट सरकवणारे. त्यांच्या सूनबाईंनी गच्चीवर परसबाग केली होती आणि चैत्र-वैशाखात वेलांना मुबलक फळे लागत. मुलांच्या हौसेसाठी घरात लहानसा ओव्हन आला होता. त्यात त्यांनी एकदा वांगी, लाल भोपळा, दोडका आणि टोमॅटो यांचे थर लावून भाजले. गुरुजींनी ते दुसऱ्यांदा मागून घेतले. पुढे दीड-दोन महिने असे काही ना काही होत राहिले आणि भाजी पोटात जाऊ लागली.

त्यानंतर गुरुजी आमच्याकडे आले आणि आम्ही त्यांना कागद दिला. जन्मभर दुसऱ्यांना शिस्त लावलेला माणूस. त्यांनी कागद शब्दशः पाळला. ओव्हन बंद झाला आणि त्याबरोबर भाजीही बंद झाली. पिठले, भात, पोहे हेच पुन्हा ताटात आले. मलावष्टंभ वाढला. आम्ही चूर्णाची मात्रा वाढवली. तिसऱ्या महिन्यात सूनबाई एकट्याच आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, भट्टीत नेमके वाईट काय असते, ते मला समजावून सांगा. बाबा आता माझ्या हातचे काहीच नवीन खात नाहीत."

आम्ही म्हणालो, "ते अन्न जड असते आणि रूक्षही असते."

त्यांनी विचारले, "मैदा मी घालत नाही, चीज घालत नाही. मग ते जड कशाने होते? भट्टीने?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या रात्री आम्ही संहिता उघडल्या. जे सापडले, ते आमच्या छापील ओळीच्या विरुद्ध होते.

आचेविषयी शास्त्र काय म्हणते

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सहाव्या, म्हणजे अन्नस्वरूपविज्ञानीय अध्यायात वाग्भटाचार्यांनी अपूपांचा विचार करताना पाच प्रकारच्या आचा सांगितल्या आहेत. कुकूल, कर्पर, भ्राष्ट्र, कंदू आणि अंगार या त्या पाच होत. कुकूल म्हणजे आपला फुफाटा, भुसा-शेणींची धुमसणारी धग. कर्पर म्हणजे खापर. भ्राष्ट्र म्हणजे भडभुंज्याचे भाड. कंदू म्हणजे भट्टी किंवा भट्टीत तापणारे पात्र, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. अंगार म्हणजे धूर नसलेले निखारे. एकाच द्रव्यापासून केलेले अपूप या क्रमाने भाजले असता ते उत्तरोत्तर लघू होतात, असे आचार्यांचे प्रतिपादन आहे. द्रव्य तेच, आच बदलली की गुरुत्व बदलते. आणि या क्रमात कंदूचे स्थान शेवटून दुसरे, म्हणजे लघुत्वाच्या बाजूस आहे.

हा विचार धान्याच्या अपूपांविषयी आहे, भाज्यांविषयी नाही, हे आम्ही विसरत नाही. तरीही त्यामागील तत्त्व चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात अधिक व्यापकपणे मांडले आहे. आहारविधीची आठ आयतने म्हणजे प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. करण म्हणजे संस्कार, आणि संस्काराने द्रव्यात नवा गुण येतो. अग्नीचा संपर्क हा त्या संस्कारांपैकी एक. तेव्हा 'ओव्हनमधील पदार्थ' असे म्हणताना आपण आठांपैकी केवळ एका आयतनाचे नाव घेतो आणि उरलेल्या सातांचा निकाल न पाहताच लावतो. हॉटेलातील भाजलेला पदार्थ जड असतो, तो बहुधा संयोगाने आणि राशीने. त्यात मैदा असतो, लोणी असते, चीज असते, आणि तो पोट तुडुंब भरेपर्यंत खाल्ला जातो. या सर्वांचा दोष आम्ही भट्टीच्या माथी मारला होता.

आपल्याकडील भट्टी

भट्टीचे अन्न म्हणजे परकीय अन्न, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. खानदेशात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजून भरीत होते. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरून, पाण्याचा थेंबही न घालता, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात, ती पोपटी. मुंबईच्या पाठारे प्रभू घरांत बेसन आणि नारळाचे दूध घालून खालून-वरून आच देऊन भानोले करतात. कोकणात तवशाचे धोंडस करताना खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवत. गुजरातेतील हांडवा तर दुधीशिवाय होत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतात वांगी, टोमॅटो आणि तिकडील कोवळा भोपळा मातीच्या पसरट पात्रात भाजतात आणि त्या पात्राच्या 'तियां' या नावानेच पदार्थ ओळखला जातो. आच, झाकण आणि उन्हाळी भाजी यांचे नाते कोणा एका देशाचे नाही.

पुटपाकाचा धडा

येथे औषधनिर्मात्या बंधूंचे लक्ष आम्ही विशेषत्वाने वेधू इच्छितो, कारण पुढचा मुद्दा त्यांच्याच शाळेत आम्हांस उमगला.

भट्टीचे अन्न लघू होते, हे मान्य केले, तरी ते रूक्षही होते, हा आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. ग्रीष्मात बल क्षीण होते, वाताचा संचय होतो. आचार्य या ऋतूत मधुर, लघू, स्निग्ध, शीत आणि द्रव अन्न सांगतात. लवण, कटू आणि अम्ल रस कमी करण्यास सांगतात. उघड्या ताटलीत भाजलेली, कडेला काळवंडलेली भाजी या वर्णनात लघुत्वापुरतीच बसते. उरलेल्या गुणांचे काय?

शार्ङ्गधराचार्यांनी पुटपाक स्वरसाची जी कृती दिली आहे, तीत याचे उत्तर आहे. ओल्या द्रव्याचा कल्क काश्मरी, वड, जांभूळ यांच्या पानांत गुंडाळायचा, वर दोन अंगुळे अथवा अंगठ्याइतका जाड मातीचा लेप द्यायचा आणि लेप निखाऱ्यासारखा लाल होईपर्यंत अग्नीत ठेवायचा. नंतर आतील कल्क पिळून रस घ्यायचा. अतिसारात कुटजाचा पुटपाक आपण वाचला आहे, काहींनी करूनही पाहिला असेल. बाहेर माती लाल होत असते आणि आत द्रव्य स्वतःच्याच रसात शिजत असते. अग्नीचा संस्कार मिळतो आणि रस मात्र टिकतो. पान आणि लेप यांनी हे साधते.

स्वयंपाकघरात याचा अर्थ एकच आहे: झाकण. भाजी भट्टीत उघडी ठेवू नये. केळीच्या पानात गुंडाळावी, मातीच्या झाकणदार पात्रात ठेवावी, अथवा डब्याचे झाकण घट्ट लावावे. शेवटची सात-आठ मिनिटे रुचीपुरते झाकण काढावे. दुधी, पडवळ, दोडका या भाज्यांत पाण्याचा अंश इतका असतो की, झाकणाखाली त्यांना बाहेरचे पाणी लागतच नाही.

ज्यांच्या घरी ओव्हन नाही, त्यांच्यासाठी वालुकायंत्र आहेच. जाड बुडाच्या पातेल्यात अथवा जुन्या कुकरमध्ये दोन अंगुळे स्वच्छ वाळू किंवा मीठ पसरावे. कुकर असल्यास शिट्टी आणि रबराची कडी काढून ठेवावी. दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावे. मग वाळूवर तिवई ठेवून तीवर भाजीचा झाकलेला डबा ठेवावा. आपल्या आया-मावश्या नानकटाई आणि केक अशाच भाजत. निर्मितिशाळेत रससिंदूर करणाऱ्या हाताला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. पुटाचे मान चुकले, तर भस्म कच्चे राहते किंवा बिघडते, हे आपण जाणतो आणि म्हणून आज अनेक ठिकाणी विजेच्या भट्टीत अंश मोजून पुटे दिली जातात. तेवढीच काळजी अन्नाच्या आचेची घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे.

संयोगातील दोष

आता उरतो संयोग, आणि खरा धोका येथेच आहे. बाजारातील पाककृतींत भाज्यांवर पांढरा रस ओततात. त्यात लोणी, मैदा, दूध आणि मीठ असते. वर चीज, खाली टोमॅटो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात दुधाशी एकत्र खाऊ नयेत अशा द्रव्यांत वल्लीफले, अम्लफले आणि लवण या तिन्हींची गणना केली आहे. दुधी हे वल्लीफल, टोमॅटो अम्लफल आणि मीठ तर हवेच. अशा रीतीने एकाच थाळीत तिन्ही विरोध जमून येतात. अशा पदार्थास 'नको' म्हणणे योग्यच आहे. परंतु ते 'नको' दुधाच्या रसाला आहे, आचेला नाही.

येथे कोणी विचारील, मग दुधी हलव्याचे काय? प्रश्न रास्त आहे. विरुद्ध अन्न सात्म्य झालेले असेल, अल्प असेल, अग्नी दीप्त असेल, वय तरुण आणि व्यायाम नियमित असेल, तर ते बाधत नाही, असे चरकाचार्यांनीच म्हटले आहे. सणासुदीच्या दोन चमचे हलव्याला ही सवलत लागू करता येईल. प्रमेही, आमवाती किंवा त्वचारोगी रुग्णाच्या रोजच्या जेवणाला ती लागू करता येणार नाही.

दह्याविषयीही सावध असावे. दही उष्ण करून खाऊ नये, रात्री खाऊ नये, वसंत, ग्रीष्म आणि शरद ऋतूंत खाऊ नये, असा वाग्भटाचार्यांचा निषेध आहे. हांडव्यात आंबट दही घालून तो भट्टीत भाजणे आणि उन्हाळ्याच्या रात्री खाणे, यात हे सर्व निषेध एकदम मोडतात. आंबटपणा हवाच असेल, तर दोन-तीन आमसुले पुरतात.

आणखी एक सूचना विसरली जाते. ज्या भोजनात शाकाचेच प्राबल्य आहे, ते वाग्भटाचार्यांनी त्याज्य म्हटले आहे. त्याच ठिकाणी पुन्हा ऊन केलेले अन्नही त्याज्य सांगितले आहे. म्हणून नुसत्या भाज्यांचे ताट भरून 'हलका आहार' म्हणून रुग्णास देणे शास्त्रसंमत नाही. भाजीच्या जोडीस ज्वारी किंवा मूग यांचे बैठक देणारे अन्न हवे. आणि शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवण्याइतके करूही नये.

दोन कृती

सूनबाईंशी चर्चा करून आणि आमच्या घरी करून पाहून ज्या दोन कृती आम्ही निश्चित केल्या, त्या चार माणसांच्या मानाने येथे देतो.

पहिली, दुधी-मुगाचे पुट. सालासकट मुगाची डाळ १५० ग्रॅम, चार तास भिजवून जाडसर वाटावी. कोवळा दुधी ५०० ग्रॅम किसून, अर्धा चमचा सैंधव लावून दहा मिनिटे ठेवावा आणि हाताने पिळावा. शाक वाफवून, रस पिळून, स्नेहयुक्त करून खाल्ल्यास फारसे दोषकर होत नाही, या वचनाचा आशय येथे उपयोगी पडतो. निघालेले पाणी टाकू नये. डाळ वाटताना वापरावे. कीस आणि डाळ एकत्र करून त्यात भाजलेल्या तांदळाचे जाड पीठ चार चमचे, ओले खोबरे पाव वाटी, जिरे एक चमचा, धनेपूड एक चमचा, किसलेले आले अर्धा चमचा, कोथिंबीर आणि तीन चमचे तूप घालावे. पुन्हा मीठ घालू नये. केळीचे पान आचेवर शेकून मऊ करावे, डब्यात पसरावे, मिश्रण दोन अंगुळे जाडीचे थापावे, पान वरून दुमडावे आणि झाकण लावावे. १८० अंश सेल्सिअसला ४० ते ४५ मिनिटे. वाळूवर थोडा अधिक वेळ लागतो. सुरी घालून पाहिली असता ती कोरडी निघाली की पाक सिद्ध झाला.

दुसरी, गुरुजींच्या आवडीची थरांची भाजी. ज्वारीच्या कण्या एक वाटी, दोन तास भिजवून तीन वाट्या पाण्यात अर्धवट शिजवाव्यात. मातीच्या किंवा काचेच्या खोलगट पात्राला तूप लावून तळाशी त्या पसराव्यात. वर लाल भोपळा २५० ग्रॅम, दोडका २०० ग्रॅम, वांगी २५० ग्रॅम आणि दोन टोमॅटो यांच्या पातळ चकत्या या क्रमाने लावाव्यात. प्रत्येक थरावर जिरे-मिऱ्याची भरड आणि चिमूटभर सैंधव भुरभुरावे. सर्वांत वर दोन चमचे तूप सोडावे. झाकण लावून १९० अंशांना ३५ मिनिटे आणि झाकण काढून आठ मिनिटे. भाज्यांचा उतरलेला रस तळातील कण्या पिऊन घेतात. पांढऱ्या रसाची उणीव त्यामुळे कोणासही जाणवत नाही. ताटात याच्या जोडीस मुगाचे कढण किंवा कोकमाचे पातळ सार असावे, म्हणजे द्रवाची पूर्तता होते.

दोन्ही पदार्थ पोटभरीचे आहेत, म्हणूनच राशीकडे लक्ष हवे. कुक्षीचे दोन भाग अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा आणि चौथा मोकळा ठेवावा, हा नियम येथेही सुटत नाही. प्रमेही रुग्णास ज्वारीच्या कण्या याच भाकरीच्या जागी द्याव्यात, भाकरीशिवाय वेगळ्या नव्हेत. रात्रीचे जेवण सूर्यास्ताच्या सुमारास झाले, तर उत्तम.

कोणास द्यावे, कोणास देऊ नये

अम्लपित्त, रक्तपित्त आणि शीतपित्ताच्या रुग्णांस दुसरी कृती देताना टोमॅटो आणि वांगे वगळावे. त्यांच्या जागी कोहळा घ्यावा. वल्लीफलांत कोहळा श्रेष्ठ, वातपित्तशामक, असे वाग्भटाचार्य सांगतात आणि उन्हाळ्यात यापेक्षा अनुकूल फळभाजी नाही. कफप्रधान प्रमेहात पहिल्या कृतीतील तांदळाचे पीठ निम्मे करावे आणि कोवळ्या कारल्याच्या चकत्या घालाव्यात. नवज्वरात, आमावस्थेत आणि अतिसारात यांपैकी काहीही नको. तेथे पेयादी क्रमच. मूत्रपिंडाच्या विकारात क्षारांचे पथ्य ज्याचे त्याने आपल्या चिकित्सकास विचारूनच ठरवावे.

टोमॅटो, लाल भोपळा, बटाटा आणि ढोबळी मिरची ही द्रव्ये अमेरिका खंडातून आलेली असल्याने संहितांत त्यांचे गुण मिळत नाहीत. ते आपण रस, विपाक आणि प्रत्यक्ष अनुभव यांवरून ठरवले पाहिजेत. बटाट्याविषयी आधुनिक संशोधनाने एक सावधगिरी दिली आहे, तीही नोंदवावी. पिष्टमय पदार्थ साधारण १२० अंशांहून अधिक उष्णतेवर तळले किंवा भाजले असता त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. उकडण्यात ते होत नाही. करपलेला, तपकिरी-काळा भाग टाळावा, हा त्याचा व्यवहारातील अर्थ. दग्ध अन्नाचा आपल्याकडील निषेध आणि हे संशोधन एकाच दिशेने जातात.

ऋतूविषयीही दोन शब्द. शास्त्रातील मासगणनेनुसार ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढात येतो; देशावर मात्र चैत्राच्या मध्यापासूनच ग्रीष्माची लक्षणे दिसतात आणि आषाढात पाऊस पडत असतो. ऋतू पंचांगावरून न ठरवता लक्षणांवरून ठरवावा. पहिला पाऊस पडून अग्नी मंदावला की या भाज्यांचे प्रमाण कमी करावे आणि आले, मिरे वाढवावेत.

कागद बदलला

सूनबाईंना आम्ही पुन्हा बोलावले, गुरुजींसह. चूक आमची होती, हे गुरुजींसमोर सांगितले. ते क्षणभर थांबून म्हणाले, "मग वहीत दुरुस्ती करून द्या." आम्ही त्यांच्या कागदावरील सातवी ओळ खोडून तेथे सही केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी आठवड्यातून तीन-चार वेळा यांपैकी काहीतरी होत गेले. मलावष्टंभ कमी झाला आणि वाढवलेली चूर्णाची मात्रा आम्ही पुन्हा उतरवली. रक्तशर्करेबाबत मात्र केवळ या अन्नाने अमुक झाले, असा दावा आम्ही करणार नाही. त्यांची औषधे चालू आहेत, तपासण्या नियमित होतात आणि फिरणेही सुरू आहे. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु जो माणूस दुधीचे नाव काढू देत नव्हता, तो गच्चीवरील वेलाला पहाटे पाणी घालू लागला, एवढे आम्ही पाहिले आहे.

आमच्या नव्या कागदावर सातव्या ओळीत आता 'मैदा, चीज, दुधाचा खारा रस घातलेले भट्टीचे पदार्थ' असे आहे, आणि डाव्या बाजूस 'झाकून भाजलेल्या ऋतूतील भाज्या, ज्वारी किंवा मुगासह' अशी नवी ओळ आली आहे. डावी यादी त्यामुळे थोडी लांबली. रुग्ण घरी जाऊन काय सोडतो, याबरोबर तो काय खातो, हेही आपल्या कागदाने ठरते; चुकीची एक ओळ औषधाच्या विरुद्ध काम करते आणि आपण मात्रा वाढवत बसतो.

व्यवसायबंधूंना विनंती इतकीच की, आपापला कागद एकदा काढून पाहावा. त्यातील प्रत्येक 'वर्ज्य'पुढे त्याचे आयतन लिहून पाहावे: हा दोष द्रव्याचा, संस्काराचा, संयोगाचा, की राशीचा? ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येणार नाही, ती ओळ पुन्हा तपासावी. उन्हाळी भाज्यांच्या अन्य पुटकृती कोणास माहीत असल्यास त्यांनी त्या प्रमाणांसह अवश्य कळवाव्यात.